मार्फत: गाळा नंबर बावन्न, कांदा-बटाटा मार्केट

भगवान हिवाळे यांनी आयुष्यात कागदावर एकच खोटी गोष्ट लिहिली, आणि ती म्हणजे स्वतःचा पत्ता.

तीही स्वतःच्या अकलेने लिहिली असती तर एक वेळ मान्य केलं असतं. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत हा माणूस सतरा वर्षं बॉयलर सांभाळत होता. वाफेचा काटा दाखवेल तेवढाच आकडा वहीत. एकदा मॅनेजरने "जरा कमी करून लिहा" म्हणून सांगितलं, तर यांनी वही त्याच्याच पुढ्यात सरकवली आणि म्हणाले, "तुम्हीच लिहा. खाली सहीपण तुमचीच करा." मॅनेजरला एकदम दुसरं काम आठवलं. असा ताठ माणूस मुलीच्या कॉलेजच्या अर्जावर धडधडीत खोटा पत्ता लिहून मोकळा झाला, यावरून ॲडमिशन ही काय चीज आहे ते ओळखावं.

मूळ प्रकरण एवढंसं होतं. थोरली लेक संघप्रिया औरंगाबादला मामाकडे राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती. शहात्तर टक्के मिळाले. सत्त्याण्णवच्या मे महिन्यात मामाची बदली चंद्रपूरला झाली, घर रिकामं करावं लागलं, पोरगी सामानासकट नावड्याला आईबापाकडे आली. आता दुसरं वर्ष इथूनच करायचं. तिचा सूक्ष्मजीवशास्त्राचा विषय जवळपास एकाच कॉलेजात होता आणि ते कॉलेज होतं वाशीला. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात जायचं, बस. माणसं देश सोडून जातात. पण देश सोडायला पासपोर्ट लागतो, आणि इथे लागणाऱ्या कागदांची यादी करायलाच एक कागद लागत होता.

आणि वरच्या मजल्यावर मानसिंग शेलार राहत होते.

मानसिंगराव मूळचे साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात माथाडी. क्विंटलाचं पोतं पाठीवर घेऊन जिना चढणारा माणूस. पण पाठीपेक्षा जास्त ताकद जिभेत. सबंध बिल्डिंगला सल्ला पुरवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. स्वतः सातवी नापास, त्यामुळे शिक्षणाच्या बाबतीत त्यांना कुठलीच शंका नसे.

"हिवाळेसाहेब, आधी तिकडचा दाखला काढून आणा," ते जिन्यात उभे राहून म्हणाले. "हातात दाखला दिसला की समोरचा गार. रिकाम्या हाताच्या माणसाला कोण विचारतंय?"

भगवानराव औरंगाबादला जाऊन दाखला घेऊन आले. तिथल्या कॉलेजने संघप्रियाचं नाव हजेरीतून कापलं. मग वाशीच्या खिडकीवर कळलं की क्रम बरोबर उलटा होता. आधी इकडची जागा पक्की करायची, मग तिकडचा दाखला काढायचा. म्हणजे पोरगी तिकडची राहिली नव्हती आणि इकडची झाली नव्हती. अख्ख्या महाराष्ट्रात एकाही कॉलेजच्या पटावर तिचं नाव नव्हतं. वाशीवाल्यांनी नाही म्हटलं की वर्ष गेलं. परत जायची वाट बापाने स्वतःच्या हाताने, तेही सही करून बंद केली होती.

"वर्ष गेलं तर मी घरात बसून लाटणं फिरवणार नाही हं बाबा," संघप्रिया म्हणाली. "तुमच्याबरोबर बॉयलरवर येईन."

ती हसत म्हणाली. भगवानरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आता त्या खिडकीबद्दल. खिडकीमागे श्यामसुंदर नावाचे कारकून बसत. त्यांच्या नावाच्या पाटीवर आडनावही असावं, पण त्या अर्ध्या भागावर त्यांच्या डब्याची पिशवी कायम टेकलेली असे. पिवळी पिशवी, तिच्यावर कुणाच्या तरी लग्नाची तारीख छापलेली. लग्न लागून चार वर्षं झाली होती. पिशवीचा संसार अजून चालू होता.

"कुठून येता?" श्यामसुंदर यांनी मान वर न करता विचारलं. भगवानरावांच्या शेजारी संघप्रियाही उभी होती.

"नावड्याहून."

आता मान वर झाली. चष्म्यावरून नजर आली. "नावडे? ते कुठे आलं?"

"कळंबोलीच्या पुढं, साहेब. तळोज्याच्या अलीकडं."

"असेल, असेल." त्यांनी अर्जावरचं नाव वाचलं. "हिवाळे. म्हणजे स्कॉलरशिप ना? ती खिडकी पलीकडे."

"स्कॉलरशिपचं नंतर. ट्रान्सफरचं आहे. शहात्तर टक्के आहेत मुलीला."

"असतील, असतील."

या 'असतील, असतील'चं काय करायचं ते भगवानरावांना तिथे सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये तुर्भ्याला पहिलं उत्तर सुचलं, नेरूळला दुसरं, आणि कळंबोलीपर्यंत अशी सहा चोख उत्तरं तयार झाली की ऐकून श्यामसुंदर यांनी खुर्ची सोडून पळ काढला असता. पण खिडकी एक वाजताच बंद होते. अशी किती उत्तरं रोज त्या बसमधून घरी जातात आणि चहाबरोबर गिळली जातात, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

संध्याकाळी अर्ज भरायला बसले. पत्त्याच्या रकान्यापाशी हात थांबला. 'ते कुठे आलं' कानात वाजत होतं. तेवढ्यात मानसिंगराव खाली उतरलेच.

"नावडे लिवताय? अर्र! आवं, साहेब नकाशात शोधत बसणार, आन् तोवर दुसऱ्याचा अर्ज वर जाणार. त्यास्नी वाशीची पोरं पायजेत. वाशी टाका."

"वाशीत आपलं कोण आहे?"

"मी हाय की! आमचा गाळा हाय. गाळा नंबर बावन्न, कांदा-बटाटा मार्केट. शेठ काय बोलायचा न्हाय. पत्र आलं की त्याच दिवशी हातात."

संघप्रियाची आई चांगुणाबाई आतून म्हणाल्या, "कांद्याच्या ढिगात पत्र सापडायचं कसं?"

"वहिनी, मी एका वासावर कांदा नाशिकचा का जुन्नरचा सांगतो. पत्र मला सापडणार न्हाय व्हय?"

"बाबा," संघप्रिया म्हणाली, "आपण नावड्यात राहतो तर नावडे लिहू या ना. आणि तो खिडकीवरचा माणूस आहे ना, मघाशी स्टॉपवर बस थांबली तेव्हा तो..."

"थांब गं जरा. मोठी माणसं बोलतायत."

आणि मोठ्या माणसांनी मिळून वाशी लिहिलं. एवढं सुबक अक्षर भगवानरावांनी खऱ्या गोष्टीसाठी कधी काढलं नव्हतं.

ही गोष्ट बिल्डिंगमध्ये गुप्त ठेवायची असं ठरलं. म्हणजे मानसिंगरावांनी ती फक्त तीन मजल्यांवर सांगितली. गेटपाशी नावडे गावातल्या यशोदाबाई भाजीची टोपली घेऊन बसत, त्यांच्यापर्यंत ती दुसऱ्या सकाळी पोचली. कॉलनी व्हायच्या आधी त्या जागेवर त्यांची भातशेती होती.

"काय रं भगवान," त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "आमचे जमिनीव तुमची बिल्डिंग उभी हाय. आमचा पानी पितास. न गावाचा नाव लिवाला लाज वाटते?"

"तसं नाही हो मावशी, कॉलेजचं जरा..."

"कालेज कोनाचे जमिनीव हाय, ता तरी ठावं हाय का?"

भगवानरावांनी मुकाट्याने दुधी घेतला. घरात दुधी कुणी खात नव्हतं.

अर्ज गेला. खिडकीवर पाटी होती: 'निर्णय पोस्टाने कळविला जाईल. चौकशीसाठी येऊ नये.' आणि वाट बघणं सुरू झालं. वाट बघण्याचाही काही डौल असतो. दारात उभं राहावं, पोस्टमन दिसला की बेफिकीर चेहरा करून दोन पावलं पुढे जावं. भगवानरावांना तेवढंही नशिबात नव्हतं. नावड्याचा पोस्टमन त्यांच्यासाठी काही आणणारच नव्हता. त्यांचं नशीब पंचवीस किलोमीटरवर कांद्याच्या पोत्यांत उतरणार होतं. तरी बिल्डिंग विचारायची ती विचारायचीच. "आलं का पत्र?" सकाळी पाणी भरताना, संध्याकाळी कचरा टाकताना. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त तलाठ्याने तर स्वतःहून सांगितलं की त्यांच्या भाच्याचं असंच झालं होतं. मग काय झालं? तो आता रिक्षा चालवतो. चांगली चालवतो.

"रिकामी बसू नको पोरी," असा सल्ला सगळ्या बायकांनी दिला, आणि हाच एक सल्ला कामाचा निघाला. संघप्रियाने वाशीला टायपिंगचा क्लास लावला. रोज सकाळी आठ दहाची बस. ती बस भगवानरावांनी कधी पाहिली नव्हती. ते कंपनीच्या गाडीने जात, आणि कॉलेजला जायचं झालं तर दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, दहाच्या बसने. एकदा जेवताना ती पुन्हा म्हणाली, "बाबा, सकाळच्या बसमध्ये ना, तो खिडकीवाला..." पण वरून मानसिंगरावांची चप्पल वाजली आणि भगवानराव हात धुऊन जिन्यात धावले.

मानसिंगरावांच्या हातात पत्र होतं.

जाडजूड पाकीट. मध्ये आरपार भोक. गाळ्याची रीत अशी होती की बाहेरून आलेला कुठलाही कागद, पावती असो, बिल असो, कुणी मेल्याची तार असो, हिशेब लिहिणारे मेहताजी आधी तारेत ओवायचे आणि शनिवारी सगळा गठ्ठा उतरवून वाचायचे. हिवाळ्यांचं पाकीट पाच दिवस ट्रकच्या पावत्यांखाली लटकून होतं.

"जाड हाय!" मानसिंगराव ओरडले. "नकार असला तर एक कागद असतो. नोकरीचं तसंच, सोयरिकीचं तसंच. जाड म्हंजे होकार!"

या विश्वासावर त्यांनी येतानाच बसस्टॉपपासून पेढे वाटत आणले होते. ड्रायव्हरला दिला, कंडक्टरला दोन दिले, तलाठ्याला दिला, यशोदाबाईंच्या टोपलीत एक ठेवला. बिल्डिंग जिन्यात जमली. तोंडात पेढा असताना माणसं किती मायाळू दिसतात! संघप्रियाने पाकीट फोडलं.

आत त्यांचेच कागद होते. सगळे परत आले होते. वर एक चिठ्ठी: 'मागील विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या प्रतीवर प्रत्येक पानास शिक्का नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.'

माणसं पेढा गिळून एकेक करून निघून गेली. जाताना तलाठी म्हणाले, "म्हणजे नाहीच झालं ना? मी म्हटलंच होतं." त्यांनी म्हटलं नव्हतं. पण पेढ्याची दुसरी वाटी मात्र त्यांच्याच घरी गेली होती.

भगवानराव पुन्हा औरंगाबादला गेले. अभ्यासक्रम शहाऐंशी पानांचा होता. तिथल्या अधिकाऱ्याने तो हातात तोलून पाहिला. "प्रत्येक पानावर? आजवर असं कुणी मागितलं नाही हो." मग शिपायाला हाक मारली, शिपायाने शिक्का आणि वाळलेलं पॅड पुढ्यात ठेवलं आणि तो चहाला गेला. बॉयलरचा काटा जेवढ्या निष्ठेने वाचला तेवढ्याच निष्ठेने भगवानरावांनी शहाऐंशी शिक्के स्वतःच मारले, पॅडवर थुंकीचं बोट फिरवत. अधिकाऱ्याने एकही पान न बघता शेवटी सही केली. अशा रीतीने एका विद्यापीठाने दुसऱ्या विद्यापीठाला खात्री दिली की अभ्यासक्रम खरा आहे.

कागद पुन्हा वाशीला दाखल झाले. मानसिंगरावांनीही झाल्या प्रकारातून धडा घेतला. "आता पत्र तारेत जायचंच न्हाय," ते म्हणाले. "पोस्टमनलाच सांगितलंय. हिवाळ्यांचं पाकीट आलं की मेहताजीच्या हातात देऊ नको. गाळा बंद असला तरी शटरखालनं आत सरकव. मी उघडला की पयला उचलणार."

व्यवस्था चोख होती. फक्त गाळा उघडायला हवा होता.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात माथाड्यांनी बंद पुकारला. मागण्या रास्त होत्या, त्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही. ज्याच्या पाठीवर पोतं आहे त्याला पाठ सरळ करायचा हक्क आहे. मार्केट ठप्प झालं. शेठ देवदर्शनाला गेले, मेहताजी गावी गेले. आणि 'एकही शटर वर जाणार नाही' अशी घोषणा गेटवर सगळ्यात मोठ्याने कोण देत होतं? मानसिंग शेलार.

पाच दिवस गेले. भगवानरावांचा धीर सुटला. पाटीवर काय लिहिलंय ते झुगारून ते खिडकीवर गेले.

"पत्र? पत्र कधीच गेलं," श्यामसुंदर म्हणाले.

"काय आहे साहेब त्यात? मंजूर का नामंजूर?"

"ते पत्रात आहे."

"तुम्हाला माहीत असंल ना?"

"मीच टाइप केलंय," श्यामसुंदर यांनी पिशवी सारखी केली. "पण सांगता येत नाही. गोपनीय असतं."

"मग दुसरी प्रत द्या."

"पत्र हरवलं असेल तर पोलिसांचा दाखला आणा, प्रत देतो."

"हरवलं नाही हो! कुठं आहे ते माहीत आहे. गाळ्यात आहे."

"मग आणा की जाऊन." त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. "सात दिवसांची मुदत असते. उद्या एक वाजेपर्यंत. मूळ पत्राशिवाय काही होणार नाही."

ही अक्कल कुठल्या दुकानात मिळते ते कळलं तर तिथे आधी टाळं लावलं पाहिजे. ज्याने टाइप केलं त्याला बोलता येत नव्हतं, ज्याचं पत्र होतं त्याला वाचता येत नव्हतं, आणि पत्र शटरआड पडून होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता भगवानराव आणि संघप्रिया मार्केटच्या गेटवर हजर झाले. आत पाच दिवसांचा कांदा कुजत होता. डोळ्यांतून पाणी यायला दुसरं कारण लागत नव्हतं. मानसिंगरावांनी दंडाला काळी फीत बांधली होती. प्रकरण ऐकून त्यांचा चेहरा पडला. ते आपल्या टोळीच्या मुकादमाकडे गेले. बाबासो म्हणून होते, मिशा पांढऱ्या, आवाज पोत्यासारखा जड.

"बाबासो, एक शटर इतभर वर करायचंय. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न हाय."

"आन् उद्या दुसरा येऊन म्हणंल, लेकीच्या लग्नाचा प्रश्न हाय, चार पोती बटाटं काढू द्या," बाबासो म्हणाले. "मगाशी घोषणा कोण देत हुतं?"

"मीच."

"मग?"

मानसिंगरावांना आयुष्यात पहिल्यांदा सल्ला सुचला नाही. ते सगळे गाळ्यापाशी गेले. संघप्रिया ओट्यावर पालथी झोपली आणि शटरखालच्या फटीतून आत डोकावली. नवा ड्रेस कांद्याच्या सालपटांत लोळला.

"बाबा, पाकीट दिसतंय! हातभर आत आहे. हात जात नाहीये."

पन्नास-साठ माथाडी भोवती जमले. पाच दिवस घोषणा देऊन माणसं कंटाळली होती. हा विषय नवा होता. बाबासो वाकले, फट पाहिली, मिशीवर हात फिरवला.

"शटर हलवायचं न्हाय," ते म्हणाले. "हूक आत घाला. हूक आपलाच हाय."

पोती ओढायचा लोखंडी हूक पुढे आला. मानसिंगरावांनी झडप घातली, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "थांबा! माथाड्यानं गाळ्यात हूक चालवला म्हंजे काम केलं. बंद मोडला!"

झाली चर्चा सुरू. पत्र हा माल होतो का? वजन नाही, तर हमाली नाही. पण गाळ्यातून बाहेर काढलं, तर उचल झाली का नाही? वीस मिनिटं हा खल चालला. विद्यापीठात एवढा विचार करून एखादा निर्णय झाला असता तर निम्म्या पोरांचं कल्याण झालं असतं. भगवानरावांचं सगळं लक्ष घड्याळाकडे होतं. साडेअकरा होत आले होते.

"काका," संघप्रिया ओट्यावरूनच म्हणाली, "मी काही तुमच्या टोळीत नाही. हूक माझ्याकडे द्या."

बाबासोंनी तिच्याकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं, आणि हूक तिच्या हातात ठेवला. "पोरगी बोलली त्यात चूक न्हाय. दांडा घट्ट धर गं. टोक पोटात जाऊ दे, मग वड."

टोक पाकिटात घुसलं. पाकीट सरसरत बाहेर आलं. टाळ्या पडल्या. हे पाकीट पातळ होतं, त्यामुळे मानसिंगराव जाडीबद्दल काही बोलले नाहीत. संघप्रियाने वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं, कारण साठ माणसं श्वास धरून उभी होती.

"'प्रवेश तात्पुरता मंजूर करण्यात येत आहे.'"

गेटपर्यंत आरोळी गेली. कुणीतरी सवयीने 'विजय असो' म्हणालं. पण संघप्रिया पुढे वाचत होती. "'मूळ कागदपत्रे, तसेच अर्जात नमूद केलेल्या पत्त्याचा पुरावा घेऊन समक्ष हजर राहावे. अन्यथा जागा अन्य विद्यार्थ्यास देण्यात येईल.'"

अर्जात नमूद केलेला पत्ता. भगवानराव ओट्यावर बसले. त्यांच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, आणि त्यावर सरकारी शाईत नावडे लिहिलेलं होतं.

"गाळ्याचं लाइट बिल देऊ की," मानसिंगराव म्हणाले. त्यांचं डोकं पुन्हा चालू झालं होतं.

"ते शेठच्या नावावर आहे."

"मग शेठला तुमचा मामा लावू."

"कच्छचा शेठ माझा मामा?"

"पोटासाठी माणूस कुठनं कुठं जातो, हिवाळेसाहेब."

"मानसिंगराव," भगवानराव म्हणाले, आणि सतरा वर्षांत बॉयलरपाशी केला नसेल एवढा आवाज केला, "आता एक शब्द बोलू नका!"

खिडकीवर पोचले तेव्हा सव्वाबारा झाले होते. पुढे अकरा माणसं होती. नंबर आला तेव्हा एकला दहा कमी. श्यामसुंदर यांनी पत्र दोन बोटांत धरून उजेडाकडे केलं.

"याला भोक कसं पडलं?"

"हुकाचं आहे," संघप्रिया म्हणाली.

"वास कसला येतोय?"

"कांद्याचा."

त्यांनी अर्ज काढला, शेजारी रेशनकार्ड ठेवलं, आणि आवडीचा पदार्थ ताटात पडावा तसे ते खुलले. "अर्जावर गाळा, कार्डावर नावडे. खोटी माहिती. मला हे पुढे घेता येणार नाही."

"साहेब, चूक झाली," भगवानराव म्हणाले. बसमध्ये तयार केलेल्या सहा उत्तरांपैकी एकही जागेवर नव्हतं. "आम्ही नावड्यालाच राहतो. मुलीचं वर्ष जाईल साहेब. तिकडचं नाव काढून आणलंय मी."

"ते तुमचं तुम्ही बघायचं. आणि हे नावडे..." श्यामसुंदर यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ते तरी कुठे आलं?"

"सर, तुमच्या स्टॉपच्या एक स्टॉप अलीकडे," संघप्रिया म्हणाली.

श्यामसुंदर यांचा शिक्का हवेत राहिला.

"सकाळी आठ दहाची बस," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण रांगेला ऐकू जात होतं. "आम्ही नावड्याला चढतो तेव्हा तुम्ही तळोज्याहून बसून आलेले असता. ड्रायव्हरच्या मागची खिडकी. हीच पिवळी पिशवी मांडीवर. परवा तुम्ही कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडलात, तेव्हा मीच तुम्हाला सुटे दिले."

रांगेत कुणीतरी खिदळलं. मागची एक बाई निरागसपणे म्हणाली, "तळोजा? ते कुठे आलं हो?"

आतल्या टेबलावरून दुसऱ्या कारकुनाचा आवाज आला, "काय रे श्यामसुंदर, तू तर इथे वाशीतच सेक्टर सतरात फ्लॅट घेतलाय म्हणाला होतास! आम्ही वास्तुशांतीची वाट बघतोय!"

श्यामसुंदर यांचे कान पिशवीवरच्या लग्नाच्या अक्षरांसारखे लालभडक झाले. त्यांनी ड्रॉवर उघडला, एक कोरा कागद काढला आणि खिडकीतून बाहेर सरकवला.

"पत्ता दुरुस्तीचा साधा अर्ज लिहून द्या," ते टेबलाकडे बघत पुटपुटले. "दोन ओळींचा. लवकर. एक वाजतोय."

दोन ओळींचा अर्ज! महिनाभर एका बापाला जेवण जात नव्हतं, दोनदा औरंगाबाद झालं होतं, शहाऐंशी शिक्के पडले होते, साठ माथाड्यांनी हमालीची व्याख्या ठरवली होती. आणि कोरा कागद एवढा वेळ याच ड्रॉवरमध्ये होता. भगवानरावांनी अर्ज लिहिला. 'नावडे' लिहिताना पेन एवढं दाबलं की अक्षरं पाठीमागे उमटली. शिक्का पडला तेव्हा घड्याळात एकला दोन मिनिटं होती.

परतताना दोघांना मागची सीट मिळाली.

"तुला ठाऊक होतं," भगवानराव म्हणाले. "तो आपल्याकडचाच आहे, हे. मग आधी सांगितलं का नाहीस?"

"दोनदा सांगत होते, बाबा. तुम्ही दोन्ही वेळेला मानसिंगकाकांचं ऐकत होतात."

बस कळंबोलीला वळली. भगवानरावांनी उठून खिडकीकडची जागा तिला दिली.

गेटवर यशोदाबाई टोपली आवरत होत्या. "मिलाली का रं पोरीला जागा?"

"मिळाली मावशी."

"न गाव काय लिवलास?"

"नावडे."

"मंग बरा." त्यांनी टोपलीतला उरलेला दुधी काढून भगवानरावांच्या हातात कोंबला. घरात अजूनही दुधी कुणी खात नव्हतं. त्या रात्री सगळ्यांनी खाल्ला.

चार दिवसांनी बंद मिटला, मागण्या बऱ्याचशा मान्य झाल्या आणि मानसिंगरावांची जीभही कामावर रुजू झाली. भगवानराव विद्यार्थ्यांच्या बसपासाचा फॉर्म घेऊन बसले होते. वरून चप्पल वाजली.

"पास काढताय? पत्ता काय टाकताय?" मानसिंगराव दारातूनच वाकून म्हणाले. "मी काय म्हन्तो, कळंबोली टाका. एक टप्पा वाचतो. कोण बघतंय?"

भगवानरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग फॉर्मकडे पाहिलं. आणि पेन संघप्रियाच्या हातात दिलं.